अकरा फूट

हेमलॉक रस्त्यावरच्या चौदा नंबरच्या घराचा गुन्हा एवढाच
की ते रस्त्यापासून अकरा फुटांवर उभं आहे.
नियम म्हणतो, वीस.
नियम एकोणीसशे बावन्नचा,
घर एकोणीसशे नऊचं.
आधी कोण आलं, हे लिहायला
आमच्या फॉर्मात रकाना नाही.

मी पोर्ट हॅलमच्या नगररचना खात्यात
तिसऱ्या खिडकीवर बसतो.
काम मोजण्याचं :
कुंपणाची उंची, छपराचा उतार,
शेजाऱ्याच्या सफरचंदाची फांदी कुणाच्या हद्दीत येते.
इतक्या वर्षांत फक्त पानं मोजली नव्हती.
घर पाडायचा अर्ज, एक पान.
दुरुस्तीचा, बावीस.
घर पाहावं बांधून म्हणतात.
पाडून पाहणाऱ्यांना म्हण लागत नाही,
सही पुरते.

सिग्ने ओडेगार्ड आली ती पिशवीत
पोर्चच्या खांबाचं वीतभर लाकूड घेऊन.
काउंटरवर ठेवलं. ओल्या भुशाचा वास.
"एवढंच बदलायचंय."
मी पुस्तक उघडलं.
नियमबाह्य घराचा नियमबाह्य भाग
पुन्हा उभारता येत नाही.
"मग?"
"पाडता येईल," मी म्हणालो,
आणि माझाच आवाज मला
खिडकीच्या तिच्या बाजूनं ऐकू आला.

त्या मंगळवारी अठरा नंबर गेलं.
सकाळी आठला यंत्र आलं, जेवणाच्या सुट्टीआधी संपलं.
लूशियस पेटवे ढिगाऱ्यातून फळ्या वेचत होता;
सुतार माणूस, गुडघे गेलेला.
एका फळीचं टोक थुंकी लावून पुसलं त्यानं,
म्हणाला, मोजा. तुमचं कामच आहे.
एका इंचात एकतीस वलयं.
दुकानातल्या नव्या लाकडात पाच, फार तर सहा.
"हे झाड एकदा पाडलं, ते ठीक.
आता दुसऱ्यांदा पाडताय."

सुनावणीला प्रत्येकाला तीन मिनिटं.
हिरवा दिवा, पिवळा, लाल.
कुणी जुन्या खिडक्यांवर बोललं, कुणी पार्किंगवर,
एकानं तर तिन्ही मिनिटं कावळ्यांवर घालवली.
मग थुई लाम उठली, रात्रपाळीची नर्स,
डोळ्यांत झोप तशीच.
"तुमचं या घरांवर प्रेम आहे. असू दे.
मी पन्नास मैलांवरून येते.
त्या प्रेमात माझ्यासाठी एक खोली आहे का?"
दिवा हिरवाच होता. ती बसली.
उरलेला वेळ कुणीच मागितला नाही.

त्या रात्री मी मसुदा पुन्हा लिहिला.
जुनं घर राखणाऱ्याला
मागच्या अंगणात आणखी एक छोटं घर बांधता येईल,
जुन्याच्या पोटात दोन बिऱ्हाडं करता येतील,
आणि जे जिथं उभं आहे
ते तिथंच दुरुस्त होईल,
अंतर वीस फुटांहून कमी असले तरीही.

तरीही.
कायद्याच्या पुस्तकात एवढा मऊ शब्द
मला दुसरा सापडला नाही.
वकिलानं त्यावर तांबडी रेघ मारली,
मी परत लिहिला, त्यानं परत मारली,
शेवटी चहा घेता घेता म्हणाला, राहू दे.

चार विरुद्ध तीन. मंजूर.
टाळ्या वाजल्या नाहीत; पुढचा विषय गटारांचा होता.

सगळं वाचलं असं नाही.
अठरा नंबरच्या जागी अजून गवत आहे
आणि तीन पायऱ्या, कुठेच न जाणाऱ्या.
चौदा नंबरचा पोर्च उन्हाळ्यात तोलला गेला;
नवा खांब अठरा नंबरच्या तुळईतून काढलेला.
लूशियसनं त्याचे पैसे घेतले नाहीत, लाकडाचे मात्र घेतले.
मागच्या अंगणात, नासपतीशेजारी,
थुईची सायकल टेकलेली असते.
दिवसा तिचे पडदे ओढलेले. सिग्ने तेवढ्या वेळात
हातोडा वाजवू देत नाही कुणाला.

तपासणीला मीच गेलो. टेप धरला
फुटपाथच्या कडेपासून पहिल्या पायरीपर्यंत.
रकान्यात लिहिलं, अकरा.
शेऱ्याची जागा एरवी कोरी सोडतो.