वजनाची वही

एस्टीम आणली तेव्हा तिच्यात कुणाचा तरी अख्खा संसार होता.
मागची सीट, गालिचा, बंद पडलेलं घड्याळ,
डिकीत आधीच्या मालकाची छत्री,
आणि मागच्या काचेवर कुण्या पोराने चिकटवलेलं फुलपाखरू.

सगळं उपसलं.
भंगारवाल्या भोयरच्या काट्यावर एकेक ठेवत गेलो
आणि सुनंदा वहीत लिहीत गेली:
सीट अठरा. एसी बावीस. स्टेपनी तेरा.
बारके नट-बोल्ट तिने घरी, डाळीच्या काट्यावर मोजले.
फुलपाखरू निघेना. राहू दिलं.

दिवसभर हिंगण्यात मी लेथवर दुसऱ्यांचे दांडे कातरतो,
रात्री आपले.
कॉटन मार्केटच्या मागे कय्यूमचाचांचं गॅरेज,
अकरानंतर शटर अर्धं खाली,
कुलरचं पाणी संपलेलं, पंखा नुसताच खडखडतो.
चाचा पिस्टन तळहातावर तोलतात,
डोळे मिटून म्हणतात, "वीस ग्रॅम जास्त हाय बे."
काट्यावर एकोणीस भरतो.
तेवढ्यावरून आमचा चहा होतो.

नवतप्यात इंजिन सुरूच करू नये.
हवाच इतकी विरळ, की गाडी माणसासारखी धापा टाकते.
तरी करतो.
जेट बदलतो, प्लग काढतो, प्लगचा रंग बघतो,
बिस्किटाचा हवा, कोळशाचा नको.
बोटांच्या रेघांत ग्रीस इतकं मुरलंय
की बँकेत अंगठा दिला तर मशीन ओळखत नाही.

शर्यत थंडीत.
शहराबाहेरची जुनी धावपट्टी,
तिथे आता विमानं नाही, टिटव्या उतरतात.
चारशे दोन मीटर.
पोह्यांवर तर्री ओतून लिंबू पिळेस्तोवर संपतं सगळं.
चार वर्षं, दोन क्लच, सोसायटीचं एक कर्ज,
आणि हातात येते बसच्या तिकिटाएवढी चिठ्ठी:
सोळा पूर्णांक एकवीस.

पुन्हा गेलो. सोळा एकवीस.
तिसऱ्यांदा पिवळे दिवे लागता लागता श्वासच घेतला नाही.
सोळा बावीस.

चाचा बोनेटवर बसून म्हणाले,
"आता हिच्यात काढायसारखं काय उरलं?"
मी वही उघडली.
शेवटच्या पानावर, पेन्सिलने, सुनंदाच्या अक्षरात
कधीचं लिहून ठेवलेलं होतं:
चालक. चौऱ्याऐंशी.

ती डब्यातली चटणी पोळीला लावत होती.
वर न बघता म्हणाली, "मी एक्कावन्न आहे."

अकरा वर्षं त्रिमूर्तीनगरात शाळेची व्हॅन चालवते ती.
चौदा पोरं, चौदा दप्तरं,
चाळीसच्या वर काटा कधी नेला नाही.
पण तिचा डावा पाय
गतिरोधकावर झोपलेल्या पोराची मान हलू न देता
क्लच सोडतो.
मी हे रोज पाहिलेलं. कधी मोजलेलं नव्हतं.

हेल्मेट मोठं झालं. तिने अंबाडा सोडला, परत बांधला.
चाचांनी खिशातलं लिंबू बंपरखाली ठेवलं
आणि कुणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे बघितलं.

हिरवा.

गाडी उसळली नाही, ओरडली नाही,
नुसती होती तिथे नव्हती.
मला फक्त फुलपाखरू दिसलं, लहान होत जाणारं,
मग तेही नाही,
मग तापलेल्या रबराचा वास
आणि उडालेल्या टिटव्यांची बोंब.

पंधरा सत्त्याऐंशी.

चिठ्ठी मी वाचली, चाचांनी वाचली,
चष्मा पुसून परत वाचली.
ती धावपट्टीच्या त्या टोकाहून सावकाश परत आली,
इंडिकेटर देऊन वळली, तिथे दुसरं कुणी नसताना.
काच नाहीच, म्हणून नुसतीच मान बाहेर काढून म्हणाली,
"तिसऱ्यात जाताना काहीतरी अडतंय. बघ जरा."

परतीच्या वाटेवर ट्रेलर ओढणाऱ्या जीपमध्ये
ती झोपून गेली.
मी वहीत चौऱ्याऐंशी खोडलं.
एक्कावन्न लिहायला पेन्सिल शोधत होतो,
तर जीप खड्ड्यातून गेली,
आणि तिची मान हलली.