हातचा

सोमवारी मी हिशेबाला बसते
डंडीच्या उतारावरल्या जुन्या चर्चच्या तळघरात,
कोट न काढता.
हीटर चारनंतरच लावायचा, असा ठराव आहे,
आणि तो मीच मांडला होता.
खिडकी फुटपाथच्या उंचीवर,
त्यामुळे टे नदी नाही, धुकं नाही,
दिसतात फक्त पावलं.
रांगेची.

मार्चमध्ये साठ जोड मोजले होते.
आज एकशे बारा.
त्यात शाळेचे बूट नऊ,
आणि एक जोड इतका चकचकीत पॉलिश केलेला
की हा माणूस पहिल्यांदाच आलाय, हे कळावं.

जमेच्या बाजूला
कौन्सिलचं अनुदान निम्म्यावर, खेदपूर्वक.
बिस्किट कारखान्याचा चेक नाही; कारखानाच नाही.
एका न्यासाचं पत्र: आम्ही नव्या कल्पनांना मदत करतो,
तुमच्या कामात नवीन काय, तीनशे शब्दांत लिहा.
मी लिहिलं, भूक जुनीच आहे.
मग ते खोडून लिहिलं, समुदाय-केंद्री पोषण.
इशबेल सूप ढवळता ढवळता म्हणाली,
"आणि हे कशाशी खातात?"

खर्चाच्या बाजूला दोन फ्रीझर.
विजेच्या बिलात नावीन्य नसतं.
त्याची फीत कापायला कुणी येत नाही.

मग ती पत्रं.
दरमहा आपोआप येणारे तीन पाउंड, पाच पाउंड
थांबवल्याची.
थांबवायला कारण लागत नाही, एक बटण पुरतं.
तरी माणसं लिहितात.
हॉकहिलचा रूरी पेट्री, तिरप्या निळ्या अक्षरात:
"या तिमाहीत जमायचं नाही. गॅसचा मीटर आधी भरावा लागतो.
वसंतात बघू."
सही. आणि सहीखाली, दारातून मागे वळल्यासारखं,
"तुमचा मोठा फ्रीझर अजून घरघरतो का?"

मी उलट टपाली कळवलं: घरघरतो.

गुरुवारी तो आला,
गुडघा धरत, पायरी पायरी मोजत,
खांद्याला अवजारांची पिशवी.
जहाजांच्या शीतगृहांत एकतीस वर्षं काढलेली.
सुईण पोटाला लावते तसा
त्यानं फ्रीझरला कान लावला.
साडेतीन तास. एक पट्टा, दोन स्क्रू, एक शिवी.
आणि खोलीत इतकं शांत झालं
की सुपाचा बुडबुडा ऐकू आला.

वाडगा पुढे केला तर म्हणाला, "नको, जेवून आलोय."
इशबेलनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
"मीठ तेवढं बघ," म्हणाली, "मला सर्दीनं चव नाही."
त्यानं एक चमचा घेतला.
मग खात्रीसाठी दुसरा.
मग नीट खात्री करत गेला,
वाडग्याच्या तळापर्यंत.

आता हे कुठल्या रकान्यात मांडू?
बँकेत जन्म गेला माझा,
पै-पैशाचा ताळा लावण्यात.
तीन पाउंड वजा.
मेकॅनिकचे एकशे ऐंशी वाचले.
एक वाडगा सूप... खर्च म्हणू, की जमा?

बेरजेत, एका घरात न मावलेला आकडा
हातचा धरायचा
आणि शेजारच्या घरात मिळवायचा.
इतकंच शिकवलं होतं शाळेत.
हातचा वहीत लिहीत नाहीत,
कोपऱ्यात बारीक टिंब देतात,
विसरलं तर सगळी बेरीज चुकते.

मी पेट्रीच्या नावापुढे टिंब दिलं.
हिशेबतपासनीस विचारेल. विचारू दे.

फेब्रुवारीपर्यंत पुरेल.
त्यापुढचं मला ठाऊक नाही,
आणि ठाऊक असल्याचं सोंग
मी अर्जातसुद्धा आता आणत नाही.

चार वाजले.
खिडकीत ते चकचकीत बूट
एक पाऊल मागे गेले,
थांबले.
मी वही उघडीच टाकून वर निघते.
आमचं दार जड आहे, ओलीनं फुगलेलं;
बाहेरून नवख्याला वाटतं, बंद आहे.
ते आतून ओढावं लागतं.