तंदुरुस्तीचा दाखला

शर्यतीची वेळ समुद्र ठरवतो, समिती नाही.
सुकती लागली की आक्षीची वाळू
ओल्या पाटीसारखी घट्ट होते,
चाक रुतत नाही, टाप बसते.
त्या दिवशी तीन चाळीसला पाणी सगळ्यात लांब जाणार होतं
आणि सुरूच्या बनात माझं टेबल :
शिक्का, शाईचं पॅड, थर्मामीटर,
नियमांचा कागद, उडू नये म्हणून त्यावर तिसऱ्यांची मूठभर टरफलं.

चाबूक नको. खिळा नको. बॅटरी नको.
मी माईकवरून वाचलं
तेव्हा मागे कुणीतरी हसलं.
शेपूट पिरगाळू नये, असंही कागदात आहे.
पण शेपटीपाशी गाडीवान बसतो,
कागद नाही.

सतरा नंबर. पोशा घरतचा कप्तान.
खांद्यावर केसांखाली जुना डाग, आकडे अर्धे मिटलेले.
मुंबईच्या रेसकोर्सवर त्याला एक लांबलचक नाव होतं,
बापाचं, आजाचं नाव वहीत लिहिलेलं.
माझ्या आजाचं नाव मला विचारून सांगावं लागतं.
चार हंगाम धावला, मग हरू लागला,
मग काशीदला पर्यटकांची पोरं पाठीवर,
एका फेरीचे शंभर, फोटोचे वेगळे.
तिथून पोशानं आणला, बुलेट विकून.

मी वाकले.
पुढचा डावा पाय, गुडघ्याखालची शीर.
बोटं तिथे सवयीनं थांबतात.
थंड होती. बर्फातल्या बांगड्यासारखी थंड.
"बगा मॅडम, कवरा गार हाय,"
पोशा म्हणाला, "पोरांच्या आदी याला गूल देतंय मी."
खोटं नव्हतं ते.
घोड्याच्या तोंडाला गुळाचा वास येत होता.
मी शिक्का मारला.

शाई वाळेपर्यंत दिसलं मला :
चारी पायांवर, गुडघ्यांच्या वर, केसांत
एक सरळ पांढरी रेघ. मिठाची.
सकाळच्या भरतीत उभा केला होता त्याला,
तासन्‌तास.
पायातली आग समुद्रानं पिऊन घेतली होती
आणि माझ्या हाती नुसता गारवा दिला होता.
'पोशा, थांब.'
एवढंच म्हणायचं होतं.
शब्द गालात राहिला, सुपारीच्या खांडासारखा.
भोंग्यावर सतरा नंबर पुकारला गेला.

आणि काही झालं नाही.
हे मला नीट सांगायचंय, की काही झालं नाही.
तो पडला नाही, पाय मोडला नाही,
कुणी किंचाळलं नाही.
दुसरा आला. एक ढाल, एक टेबलफॅन.
पोशाच्या बायकोनं त्याच्या कपाळाला हळद लावली,
आणि माझ्याही हातावर पेढा ठेवला.

"त्याला धावायला आवडतं हो," सगळे म्हणतात.
असेल.
मी एकदा पाहिलाय त्याला मोकळा,
नागावच्या बाजूला, पहाटे, दोर सुटलेला.
चाळीस पावलं धावला असेल.
मग थांबला, आणि खेकड्याच्या बिळात
बराच वेळ फुंकर घालत बसला.
चाळीस पावलं. मी मोजली होती.
शर्यतीची धाव आठशे मीटरची.

दाखल्याची मुदत सूर्यास्तापर्यंत.
मंडप उतरला, वड्याची कढई रिकामी झाली,
पाणी परत यायला लागलं.
गाडीतून सोडलेला कप्तान
तीन पायांवर, चौथा नुसता टेकवत,
कुणी न नेता समुद्राकडे निघाला.
पोशा बादली शोधत होता, त्याला दिसलं नसावं.
किंवा दिसलं असेल. मला दोन्ही खरं वाटतं.

पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा घोडा थांबला.
मी चपला हातात घेतल्या, साडी खोचली,
आणि उशिरा, फार उशिरा,
त्याच्या शेजारी वाकून पुन्हा तीच शीर धरली.

लाटेच्या आत, एवढ्या गार पाण्यातही,
ती अजून गरम होती.