दोन रिंग

शारजाच्या बाहेर सजा नावाचा भाग आहे.
अरबीत त्याचा अर्थ वेगळा असणार, मी विचारला नाही.
खोली एकवीस. आठ माणसं, चार दुमजली पलंग,
आणि मी, मांडीवर लॅपटॉप,
पगाराच्या कार्डाचं नवं अ‍ॅप दाखवायला आलेली.
कॅम्पबॉसने वीस मिनिटं दिली होती.

'इथे अंगठा ठेवा,' म्हणाले.
गंगाराजूने ठेवला. लाल.
लुंगीला पुसून ठेवला. लाल.
अकरा वर्षं प्लास्टर करता करता
अंगठ्यावरच्या रेषा त्या भिंतींत गेल्या.
आमच्याकडे निरक्षराला अंगठेबहाद्दर म्हणतात.
यंत्रापुढे तो तेवढाही उरला नव्हता.

मग पिन. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं:
हा आकडा कुणालाही सांगायचा नाही.
सगळे खाली बघून हसले.
खेडच्या दाऊद परकारने उशीखालून
रबरबँड लावलेली आठ कार्डं काढली.
पगाराच्या रात्री तो एकटाच जातो एटीएमला,
बाकीचे तेवढ्यात भात टाकतात.
आठही पिन तोंडपाठ:
तिलबहादूरच्या मुलीचं जन्मसाल,
शफीकुलच्या भावाच्या रिक्षाचा नंबर,
एक पिन चार वेळा शून्य,
'त्याला घरी कुणी नाही,' दाऊद म्हणाला.
'याच्याकडून कधी चूक नाही,' गंगाराजू म्हणाला,
'मशीनकडून झालीय.'

ऑफिसच्या फळ्यावर माझ्याच अक्षरात आहे:
एक कार्ड, एक माणूस.

शेवटी ती हिरवी खूण दाखवली, माझी लाडकी,
तिची हिरवी छटा ठरवायला तीन बैठका गेल्या.
पैसे पोचले की ती अशी उमलते.
त्यांनी कौतुकाने पाहिली, पाहुण्यांचं मूल पाहावं तशी.
'दिसायला छान आहे. पण पोच घरून येते.'
कशी?
'मिस कॉल. उचलायचा नाही, पैसे कापतात.
दोन रिंग म्हणजे हातात पडले.
तीन म्हणजे पुरणार नाहीत.'
आणि एकच आली तर?
वरच्या पलंगावरून लोंबणारे पाय
कुणीतरी आत घेतले.

मी वहीत लिहिलं, वापरणारा: खोली.
साहेब विचारतील, खोलीला ओळखपत्र कुठून आणणार.
विचारू देत.

दाराशी बूट चढवत होते,
बंद अजून बांधायचे होते,
आत कुणाचा तरी फोन वाजला.
आठही जण होते तिथेच थबकले,
पळीसुद्धा.
मीही मोजायला लागले.