स्वल्पविराम

चिलोएच्या बेटावर, चुलीची ऊब पाठीला घेऊन
एउडूलिया टॅब्लेटवर बटाट्यांचा तक्ता उघडते.
जांभळ्या चौकटी म्हणजे थोरल्या ओर्तेन्सियाचं बियाणं.
पिवळ्या म्हणजे कुजलं, तरी नाव असू दे.

कृषी कचेरीला सीएसव्हीच हवी, चारच्या आत.
मातीनं खरखरीत झालेलं बोट काचेला कळत नाही;
एप्रनला पुसून ती पुन्हा एक्स्पोर्ट दाबते.
रंग आणि टिपा जातील. चालेल?
चालेल कसं!
पण दाबते.

मग फाइल उघडून बघते:
क्लावेला, २०१९, ६ किलो
आणि खाली तसंच, तसंच,
सगळं एकाच काळ्यात,
मध्ये नुसते स्वल्पविराम.

ओर्तेन्सिया बोलताना अशीच थांबायची:
दोन शब्द, दम, दोन शब्द.
एउडूलिया हळू आवाजात यादी वाचू लागते,
एकही थांबा न गाळता.