खालची दाढ

बुधवारच्या जुन्या बाजारात
गंजक्या बिजागऱ्या आणि मोडक्या मिक्सरच्या मध्ये
पडली होती ती.
तळहाताएवढा तांब्याचा पत्रा,
त्यावर रंगवलेली बाई, हातात सांडशी.
"लोहारीण असंल," कादरभाई म्हणाला,
"नायतर सुईण. तांब्याचा भाव द्या, बाई फुकट."

नळाखाली धरणार होतो. नाही धरली.
कापसाला थुंकी लावून पुसत बसलो रात्रभर.
काजळीतून आधी सांडशीचं टोक आलं,
मग टोकात धरलेली दाढ.

तीस वर्षं रविवार पेठेत कवळ्या करतोय.
सवयीनं मुळं मोजली. दोन.
म्हटलं, चुकला चित्रकार,
वरच्या दाढेला तीन असतात.
डोक्यामागचं सोनेरी वर्तुळ
मला आधी ताटलीच वाटली.

क्वार्टर गेटच्या रोझलिनबाई पाटोळे मापाला आल्या.
सगळे दात काढून दीड महिना झालेला,
हिरड्या छान भरलेल्या.
माप घेताना त्यांची नजर कपाटावर गेली
आणि घशातूनच काहीतरी म्हणाल्या.
मी ट्रे काढला. त्यांनी छातीवर क्रूस केला.
"शंफ अफोलोनिया."

संत म्हणायला दात लागतात.
दात म्हणायलाही.

तोंडातल्या तोंडात सांगत होत्या,
अर्धं मी जुळवून घेतलं:
दूरचं शहर, जमाव, हिचे दात पाडले,
पुढ्यात जाळ केला, म्हणाले, देवाला शिव्या दे.
हिनं म्हणे जरा हात सोडवून घेतला
आणि स्वतःच गेली जाळात.
"गोव्याच्या सासूकडं होती अशीच.
ठणका लागला की..."
आणि बोलता बोलता अंगठा टेकवला.

तेव्हा दिसलं मला.
चेहऱ्यावरचा सगळा रंग शाबूत,
फक्त जबड्यापाशी, खाली, तांबं उघडं,
गुळगुळीत, अंगठ्याच्या मापाचं.
तिथं मी गुलाबी रंग भरणार होतो,
हिरड्यांना वापरतो तोच.
ब्रश भिजत घातलेला.

खालची दाढ.
खालच्या दाढेला दोनच मुळं असतात.

"घेऊन जा," म्हटलं.
"नको," म्हणाल्या, "हिथं गिऱ्हाईक जास्त आहे तिला."
ब्रश धुऊन ठेवला.
खिळा ठोकला तो डोळ्यांच्या उंचीवर नाही,
खुर्चीत बसलेल्याचा
हात पोचेल तिथं.