चार बोटं खाली

सोहारच्या रिफायनरीत माझं काम
मापांची मापं काढायचं.
कुठला गेज खोटं बोलतो,
कुठला थर्मामीटर दोन अंशांनी लाजतो,
ते तपासायचं आणि हिरवं स्टिकर लावायचं:
तारीख, पुढची तारीख, सही.

दिवसभर तोंडात माणसांची नावं.
पास्कल चढला, व्हॉल्व्ह उघड.
केल्विन उतरेना, थांब जरा.
व्होल्ट, हर्ट्झ, ओहम.
कुणाला पाळण्यात काय म्हणत होते,
कोण कशानं गेला,
शिफ्टमध्ये विचारतंय कोण?
इतकं मोठं व्हावं माणसानं
की रोज नाव घेताना
कुणाला तो आठवूही नये.

परवा खल्फाननं
बिस्किटांच्या गंजक्या डब्यातून काढली
एक फळी. पत्त्याएवढी. मधोमध भोक,
भोकातून दोरी, दोरीला गाठी.
"आजोबांची. नाखवा होते."
दोरी दातांत धरायची, फळी पुढे न्यायची.
खालची कड पाण्याला टेकली
आणि वरची ध्रुवाला,
की कुठली गाठ दातांखाली आली ते बघायचं.
एवढंच.
ना काच, ना बॅटरी.

"ही सोहारची," त्याचं बोट दोरीवर सरकत गेलं,
"ही सूर. ही पोरबंदर.
आणि तारा चार बोटं खाली उतरला की ही,
जैगड."

जैगड!
आमच्या जेटीमागे एक बिनछपराची वखार आहे,
खजुराची म्हणतात. आम्ही तिच्यात लपाछपी खेळायचो.

"कुणाला सुचलं रे हे पहिल्यांदा?"
खल्फाननं खांदे उडवले.
"ज्याला घरी परतायचं होतं, त्याला."

बंदर गाठलं, म्हणतो आपण.
एकोणीस वर्षं पगार, व्हिसा, विमान गाठतोय,
पण ही गाठ
मी दातांखाली कधी धरली नव्हती.

शुक्रवारी रात्री किनाऱ्यावर धरली.
मीठ लागलं, आणि जुन्या सुंभाची तूस.
चूक पाव बोट.
फळीची नाही, माझी. दोरीवर
म्हाताऱ्याच्या दातांचे खळगे होते,
माझे त्यांत बसेनात.

"लाव की स्टिकर," खल्फान हसला.
थट्टेथट्टेत फॉर्म उघडला.
उपकरण: फळी, दोरी.
मर्यादा: ढग.
निर्माता:
रकाना कोरा सोडला तर सिस्टिम पुढे जात नाही.
'अज्ञात' लिहवेना.
शेवटी एक टिंब दिलं.
चाललं.